नापास होऊ न शकणारी मागणी : एएमए पेपर वाचताना

पीएचडीची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो: गाजलेले पेपर वाचाच, पण त्यासोबत असाही एखादा पेपर वाचा ज्याची कल्पना चांगली होती, लिखाण नेटकं होतं, आणि तरीही मुख्य प्रवाहाने ती उचलली नाही. असं का झालं हे शोधताना जे शिकायला मिळतं ते गाजलेल्या पेपरात मिळत नाही. आज असाच एक पेपर घेतोय. युझनिक्सच्या फास्ट परिषदेत २०११ साली विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या गटाने मांडलेला, 'अँटिसिपेटरी मेमरी अ‍ॅलोकेशन', थोडक्यात एएमए. रेमझी आणि अँड्रिया अर्पासी-डुसो यांचा हा गट. ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना त्यांचं 'थ्री ईझी पीसेस' हे मोफत पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चाळलं असेल. पेपरही युझनिक्सच्या साइटवर फुकट आहे, तेव्हा पैशाची सबब चालणार नाही.

आधी प्रश्न समजून घेऊ.

कर्नलमधल्या कोडला मेमरी हवी असली की ते केमॅलॉक नावाचं फंक्शन बोलावतं: किती बाइट हवेत आणि कोणत्या अटीवर हवेत ते सांगतं. मेमरी मिळाली तर पत्ता मिळतो, नाही मिळाली तर नल. म्हणून प्रत्येक मागणीनंतर 'नल आलं का' हे तपासायचं आणि आलं असेल तर ईनोमेम हा एरर कोड परत पाठवायचा, असं शिकवलं जातं. इथपर्यंत सोपं आहे. पण फाइल सिस्टिमच्या एखाद्या फंक्शनची कल्पना करा. त्याने एक लॉक घेतलाय, दोन बफर वाचून आणलेत, एका आयनोडची संख्या वाढवलीय, आणि आता चौथ्या पायरीवर मेमरी मागितली तर नल आलं. आता फक्त एरर परत करून भागत नाही. वाढवलेली संख्या कमी करा, बफर सोडा, लॉक सोडा, तेही बरोबर उलट्या क्रमाने. लिनक्समध्ये त्यासाठी फंक्शनच्या तळाशी गोटू लेबलांची एक शिडी असते. जिथे अडलात तिथून त्या शिडीच्या योग्य पायरीवर उडी मारायची आणि खाली उतरत जायचं. एक पायरी चुकली की लॉक तसाच अडकून राहतो, किंवा एकच गोष्ट दोनदा सोडली जाते.

ही शिडी सहसा कोणी चढत-उतरत नाही. मेमरी रोज संपत नसते. त्यामुळे हा कोड लिहिला जातो, रिव्ह्यूमध्ये डोळ्यांखालून जातो आणि मग वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही. याच गटाने २००८ साली फास्टमध्येच 'ईआयओ' नावाने एक अभ्यास मांडला होता. लिनक्सच्या फाइल सिस्टिम आणि स्टोरेज थरांतून एरर कोड वर कसा जातो ते त्यांनी स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने तपासलं. एरर कोड जिथून प्रवास करतो अशा ९०२२ फंक्शन कॉलपैकी ११५३ ठिकाणी, म्हणजे साधारण १३ टक्के ठिकाणी, तो नीट जपलाच जात नव्हता. खालचा थर ओरडून सांगतोय आणि वरचा 'ऑल वेल' म्हणतोय. त्या पेपरचं उपशीर्षकच असं आहे की एरर हाताळणी 'अधूनमधून' बरोबर असते.

एएमए याच जमिनीवर उभा आहे. लेखकांनी आधी लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये मेमरीच्या मागण्या मुद्दाम नापास करून पाहिल्या आणि त्या कशा कोलमडतात ते दाखवलं. मग त्यांनी जे सुचवलं ते ऐकायला अगदी घरगुती वाटतं: लग्नाचा स्वयंपाक सुरू करायच्या आधी सगळा किराणा मोजून आणून ठेवा, पंगत बसल्यावर दुकानात धावू नका. एखादा कॉल कर्नलमध्ये शिरला की तो पूर्ण व्हायला जास्तीत जास्त किती मेमरी लागेल ते आधीच ठरलेलं असावं. ही बेरीज डेव्हलपर करतो, स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या साधनांची मदत घेऊन. तेवढी मेमरी दारातच मागून घ्यायची. मिळाली तर पुढच्या सगळ्या मागण्या त्या साठ्यातून भागवायच्या, म्हणजे त्या नापास होऊच शकत नाहीत. दारातच नाही मिळाली, तर अजून काहीच बदललेलं नाही, कुठलाही लॉक हातात नाही; थांबा नाहीतर परत जा. निस्तरायला काही नाहीच. नमुना म्हणून त्यांनी ईएक्सटी२ फाइल सिस्टिम या पद्धतीने बदलून ईएक्सटी२-एमएफआर बनवली आणि तिला मेमरीचा व वेळेचा जादा खर्च थोडाच पडतो असं मोजून दाखवलं.

मला या पेपरची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने प्रश्नाचं स्थान बदललं. बाकीचे लोक 'एरर हाताळणी जास्त बरोबर कशी लिहायची' यावर डोकं लावत होते. यांनी म्हटलं, ती लिहायचीच कशाला? हजार ठिकाणची शिडी काढून टाका आणि दारात एकच उंबरठा ठेवा. चांगल्या सिस्टिम्स संशोधनाची ही खूण असते, आणि प्रपोजल लिहिताना तुम्ही स्वतःला हा प्रश्न विचारायलाच हवा: मी त्रास कमी करतोय, की त्रासाची जागा हलवून तो फुकटात मिटवतोय?

आता टीका.

पहिली शंका ईएक्सटी२च्या निवडीबद्दल. ही जुनी, साधी, जर्नल नसलेली फाइल सिस्टिम आहे. केस स्टडी म्हणून ठीक आहे, लहान कोड वाचून हाताने तपासता येतो. पण एएमएचा हिशेब 'कर्नलमध्ये आलेला एक कॉल' या एककावर उभा आहे. जर्नल असलेल्या फाइल सिस्टिममध्ये तुमच्या राइट कॉलचं काम त्या कॉलसोबत संपत नाही. कितीतरी कॉलचे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये गोळा होतात आणि नंतर केव्हातरी दुसराच एक कर्नल थ्रेड ते जर्नलमध्ये लिहितो. त्या थ्रेडला मेमरी लागली तर ती कुणाच्या खात्यावर? ज्याने शेवटचा बदल केला त्याच्या? की सगळ्यांच्या वर्गणीतून? याचं उत्तर देता येत नाही असं मी म्हणत नाही, पण ईएक्सटी२वर काम करून ते मिळणार नाही. प्रश्नाचा अवघड भाग जिथे आहे तिथे केस स्टडी गेलीच नाही.

दुसरी शंका 'जास्तीत जास्त' या शब्दाबद्दल. सर्वात वाईट परिस्थितीचा अंदाज नेहमी फुगलेला असतो, कारण बहुतेक वेळा लागणारं पान आधीच कॅशमध्ये सापडतं. लेखकांनाही हे ठाऊक आहे. कॅशमध्ये आधी डोकावून पाहणं, पानं पुन्हा वापरणं अशा युक्त्या त्यांनी त्यासाठीच केल्यात. पण एका कॉलचा फुगवटा आणि हजार कॉलचा फुगवटा यात फरक आहे. समजा एका कॉलला २०० केबी राखून ठेवावे लागले (आकडा माझ्या मनाचा, फक्त गणितासाठी). एक हजार थ्रेड एकाच वेळी लिहायला आले तर जवळपास २०० एमबी नुसते राखीव पडून राहतात, तेही नेमके मेमरीची ओढाताण असताना. राखीव ठेवण्यामुळेच टंचाई वाढली असं होऊ शकतं. रेल्वेत अर्धा डबा कोट्याचा म्हणून रिकामा धावतोय आणि दारात माणसं लोंबकळतायत, तसं.

देखभालीचा मुद्दा चटकन सांगतो. लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. फाइल सिस्टिमला हात न लावता खालच्या सामायिक थरातलं एखादं फंक्शन कुणी बदललं तरी वरची बेरीज चुकते. साधनं आपोआप सगळं करत असती तर चाललं असतं. पण इथे माणूस लागतो. आणि आपल्याला माहितीये, ज्या कामाला माणूस लागतो ते काम तिसऱ्या रिलीजला मागे पडतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो समजण्यासाठी लिनक्सबद्दलची एक गंमत कळायला हवी.

केमॅलॉक नल देऊ शकतं, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होतं? लिनक्सच्या पेज अ‍ॅलोकेटरमध्ये एक मर्यादा आहे: सलग आठ पानांपर्यंतची मागणी 'स्वस्त' धरली जाते. ४ केबीचं पान धरलं तर ३२ केबी. एवढी किंवा याहून छोटी मागणी जर झोपू शकणाऱ्या संदर्भातून, म्हणजे जीएफपी-कर्नल अटीवर आली, तर अ‍ॅलोकेटर सहसा हार मानतच नाही. तो कॅश रिकामी करतो, पानं डिस्कवर ढकलतो, शेवटी ओओएम किलरला बोलावून एखादी प्रोसेस मारतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. नल देत नाही. अपवाद आहेत. इंटरप्टमधून आलेली जीएफपी-अ‍ॅटॉमिक मागणी झोपू शकत नाही, ती खुशाल नापास होते. ज्या प्रोसेसला मारायचं ठरलंय तिची स्वतःची मागणीही नापास होऊ शकते. पण रोजच्या छोट्या मागण्यांपुरतं बोलायचं तर 'लहान आहे, नापास होणार नाही' हा अलिखित नियम आहे. डिसेंबर २०१४मध्ये जोनाथन कॉर्बेट यांनी एलडब्ल्यूएनवर यावर लेख लिहिला, तेव्हा अनुभवी फाइल सिस्टिम डेव्हलपरनाही हा नियम नवा होता.

तो लेख ज्या घटनेवरून निघाला ती बघा. तेत्सुओ हांडा यांनी मेमरी संपली की एक्सएफएसवर मशीन कायमचं गोठतं, अशी परिस्थिती दाखवून दिली. यंत्रणा अशी: एक प्रोसेस लॉक हातात धरून मेमरी मागते. मेमरी नाही. अ‍ॅलोकेटर ओओएम किलरला बोलावतो, तो दुसऱ्या एका प्रोसेसला बळी म्हणून निवडतो. पण ही दुसरी प्रोसेस नेमकी त्याच लॉकसाठी थांबलेली आहे, आणि अशी थांबलीय की तिला मरताही येत नाही. ती मरत नाही म्हणून तिची मेमरी सुटत नाही. मेमरी नाही म्हणून पहिली पुढे सरकत नाही. ती सरकत नाही म्हणून लॉक सुटत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याला माहीत असतं. इथे पोहरा वर यायलाच तयार नाही, दोर धरणारा जागचा हलत नाही.

मग साधा उपाय सुचतो: नियम काढून टाका, छोट्या मागण्यांनाही नापास होऊ द्या, एरर हाताळणी लिहिलेली आहेच ना! फेब्रुवारी २०१५मध्ये त्याचा जवळजवळ अपघाताने प्रयोग झाला. अ‍ॅलोकेटरमधल्या एका साफसफाईच्या पॅचमुळे नकळत असं झालं की फाइल सिस्टिमच्या आतून येणाऱ्या, जीएफपी-एनओएफएस प्रकारच्या मागण्या फिरत राहण्याऐवजी नापास होऊ लागल्या. फाइल सिस्टिम त्याला तयार नव्हत्या. बदल मागे घ्यावा लागला, आणि मागे घेणाऱ्या पॅचमध्ये हे असं नोंदवलंही आहे. दहा-पंधरा वर्षं लिहून ठेवलेल्या त्या शिड्या पहिल्याच वजनाला हलल्या.

आता एएमएकडे परत या. लेखकांनी मागण्या मुद्दाम नापास केल्या आणि फाइल सिस्टिम कोलमडल्या. हे मोजमाप कशाचं आहे? कागदावरच्या कराराविरुद्ध कोड किती बरोबर आहे, याचं. ते महत्त्वाचं आहेच. पण चालत्या मशीनवर यातल्या बऱ्याच मागण्या नल देऊन नापास होत नाहीत, त्या अडकून राहतात. म्हणजे वाचकाला जी भीती दाखवली ती 'नल आलं आणि कोलमडलं' अशी. खरी भीती 'काहीच आलं नाही आणि गोठलं' अशी. शिवाय नाणं उडवून प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे नापास करणं आणि खरी टंचाई यांत साम्य कमी. खरी टंचाई पावसासारखी येते, एकदम सगळ्यांच्या डोक्यावर.

मग पेपर निकालात काढायचा का? इथेच मला तो जास्त आवडायला लागला. नीट बघा: एएमएची कल्पना नलपेक्षा गोठण्यावरच चांगलं औषध आहे. मेमरी दारातच, कुठलाही लॉक न घेता मागितली, तर वरचा गुंताच तयार होत नाही. थांबणारा रिकाम्या हाताने थांबतो, त्याच्यामुळे दुसरं कुणी अडत नाही, आणि मारायला निवडला तरी शांतपणे मरू शकतो. म्हणजे लेखकांकडे बळकट कारण होतं आणि त्यांनी कल्पना विकली कमकुवत कारणावर. गंमत म्हणजे २०१५च्या त्याच चर्चांमध्ये एक्सएफएसचे डेव्ह चिनर यांनी मांडलेला मार्ग याच जातीचा होता: ट्रान्झॅक्शन सुरू करताना जर्नलमध्ये जशी जागा राखून ठेवतो तशी मेमरीही राखून ठेवू. त्यांनी 'कॉल'ऐवजी 'ट्रान्झॅक्शन' हे एकक घेतलं, आणि माझ्या पहिल्या शंकेचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

कर्नलने मात्र दुसरी वाट धरली. २०१६मध्ये, ४.६ आवृत्तीत, ओओएम रीपर आला: बळी मरायची वाट न पाहता त्याची मेमरी बाहेरून काढून घ्यायची. वर्षभराने, मागणी करणाऱ्याला 'खूप प्रयत्न कर, पण शेवटी नापास झालास तरी चालेल' असं स्पष्ट सांगता येईल असा झेंडाही आला. 'नापास होऊच नकोस' सांगणारा नोफेल झेंडा आधीपासून होता. हे उपाय एएमएइतके देखणे नाहीत, ठिगळंच आहेत. पण कुणालाही आपला जुना कोड मोजत बसावं लागला नाही, आणि लाखो ओळींच्या प्रकल्पात हीच बाजू जड ठरते. सिस्टिम्समध्ये 'स्वीकारायला किती कष्ट' हाही कल्पनेच्या गुणवत्तेचा भाग असतो, हे काही जणांना पटत नाही. मला पटतं.

या सगळ्यात फ्रीबीएसडीचं मला कौतुक वाटतं. तिथे कर्नलचं मॅलॉक बोलावताना एम-वेटओके किंवा एम-नोवेट यांपैकी एक सांगावंच लागतं. पहिलं सांगितलं तर थांबावं लागेल, पण नल कधीच येणार नाही. दुसरं सांगितलं तर लगेच उत्तर, नल येऊ शकतं. बस. करार नावातच आहे. याने लॉकचा गुंता सुटतो असं नाही, पण कधीच न चालणारी शिडी लिहायची सक्ती तरी होत नाही.

तुम्हाला यातलं काही स्वतः करून बघायचं असेल तर लिनक्समध्ये फॉल्ट इंजेक्शनची सोय तयार आहे: स्लॅबसाठी फेलस्लॅब, पानांसाठी फेल-पेज-अ‍ॅलॉक. व्हर्च्युअल मशीनमध्येच करा, स्वतःच्या लॅपटॉपवर नको. पण चालू करण्याआधी डिफॉल्ट सेटिंग वाचा. फेलस्लॅब झोपू शकणाऱ्या मागण्यांना मुळात हातच लावत नाही. तो पर्याय मुद्दाम बंद केल्याशिवाय जीएफपी-कर्नल मागण्या वगळल्या जातात. फेल-पेज-अ‍ॅलॉकही एकेका पानाच्या मागणीला सोडून देतो. म्हणजे साधन बनवणाऱ्यांनीही अलिखित नियम मान्य केलाय. ही सेटिंग न बघता कुणी 'आमची फाइल सिस्टिम हजार इंजेक्शनमध्ये टिकली' असं सांगितलं, तर आधी विचारा, सुई टोचली होती की नुसती दाखवली? नाणं उडवण्यापेक्षा चांगला पर्याय म्हणजे फेल-एनटीएच: एका सिस्टिम कॉलमधली पहिली मागणी नापास करा, मग दुसरी, मग तिसरी, आता नापास करायला काही उरलं नाही इथपर्यंत. सिझकॉलर हा फझर हेच वापरतो. यात प्रत्येक पायरीवर एकदा तरी पाय पडतो, आणि तुमचा निकाल दुसऱ्याला जसाच्या तसा पुन्हा काढता येतो.

आणि ज्यांना विषय शोधायचाय त्यांच्यासाठी एक न सुटलेला धागा. २०२१मध्ये रस्टचे पहिले पॅच आले तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांचा मोठा आक्षेप होता की मेमरी मिळाली नाही तर रस्टची नेहमीची लायब्ररी सरळ पॅनिक करते, हे कर्नलमध्ये चालणार नाही. तो मानला गेला. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीत रस्ट आलं, आणि आता कर्नलच्या रस्टमध्ये व्हेक्टरला एक घटक जोडतानाही अटीचा झेंडा द्यावा लागतो आणि उत्तर रिझल्ट म्हणून येतं, जे दुर्लक्षित केलं तर कंपायलर कुरकुरतो. लॉक आणि मेमरी सोडणं ड्रॉपवर सोपवलेलं, म्हणजे गोटूची शिडी हाताने लिहायची नाही. कागदावर हे एएमएच्या लेखकांच्या तक्रारीला मिळालेलं नेमकं उत्तर दिसतं. पण खालचा अ‍ॅलोकेटर तोच आहे आणि छोटी मागणी अजूनही सहसा नापास होत नाही. तर रस्टच्या ड्रायव्हरमधले ते एरर मार्ग सीपेक्षा खरोखर जास्त बरोबर आहेत, की फक्त जास्त नीटनेटके दिसतात? आयनोडची संख्या वाढवण्यासारखा तार्किक बदल ड्रॉपला आपोआप उलटवता येत नाही, तो कुणीतरी लिहावाच लागतो. एकाच कामाचे सी आणि रस्टमधले दोन ड्रायव्हर घ्या, दोन्हींवर फेल-एनटीएच चालवा आणि काय उरतं ते मोजा. एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखं आहे.